लग्नपत्रिकेत न छापलेलं पदक

गोळी दाराच्या चौकटीत घुसली तेव्हा नवऱ्यामुलाचे काका अठराशे तेरा सालापर्यंत पोचले होते.

तिकडच्या कुठल्या राजाची तिजोरी कशी रिकामी झाली, तिथल्या बायकांनी अंगावरचं सोनं कसं काढून दिलं आणि राजानं त्यांना बदल्यात लोखंड कसं दिलं, हे ते आम्हाला समजावून सांगत होते. समोर पाटावर साखरपुड्याची साडी, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. खाली लालबागच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या. फटकन आवाज झाला, चौकटीची एक ढलपी उडून पेढ्यांत पडली आणि आम्ही सगळे जमिनीवर आडवे झालो. नवरामुलगा सगळ्यांत आधी. त्याच्या आईला माझ्या नणंदेनं पदराला धरून खाली ओढलं. काका मात्र होते तिथंच बसून राहिले, एक बोट वर, तोंड उघडं. वाक्य पुरं व्हायचं होतं ना त्यांचं.

गोळी उगाच आली नव्हती. तिच्या जरा आधी आमच्या गॅलरीतून खाली एक वस्तू गेली होती आणि ती माझ्या सासऱ्यांनी फेकली होती. ती वस्तू म्हणजे जर्मन लोकांचं लढाईतलं पदक. आमच्या घरात ती सरकारनं सासऱ्यांच्या शौर्याबद्दल दिलेली म्हणून दर दसऱ्याला पुजली जात होती.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगते.

सासरे पहिल्या महायुद्धात इंग्रजांचे शिपाई होते. इराकात बसऱ्याकडे गेले, तिथं पाय अधू झाला, आणि लंगडत परत आले. चाळ त्यांना सुभेदार म्हणायची. सरकारनं शिपाई म्हणून घरी धाडलेल्या माणसाला चाळीनं फुकटात बढती दिली आणि त्यांनी ती मुकाट्यानं घेतली. पगार नव्हता, पण सलाम होता. नळावर त्यांची बादली कोणी मागं सारत नसे, हीच पेन्शन.

पदक एका पत्र्याच्या डबीत असायचं. काळ्या लोखंडाचा क्रूस, कडेनं चांदीची किनार, वर अडकवायला कडी. एका बाजूला मुकुट, मधे इंग्रजी डब्ल्यू आणि खाली १९१४. उलट्या बाजूला परत मुकुट, दोन इंग्रजी अक्षरं, झाडाची पानं आणि खाली १८१३. दसऱ्याला पाटावर माझ्या नवऱ्याची गिरणीतली कात्री, माझी विळी आणि मधोमध हा क्रूस, अशी पूजा व्हायची. सासूबाई आदल्या दिवशी तो राखेनं घासून काढायच्या. घासून घासून काळा रंग उडाला, तरी त्या घासतच होत्या. काळं म्हणजे मळ, एवढंच त्यांना माहीत.

मी चौथी पास. इंग्रजी आकडे रेशनच्या रांगेत उभं राहून शिकले. लग्न होऊन आल्यावरच्या पहिल्याच दसऱ्याला मी विचारलं, "मामंजी, लढाई चौदा सालची. मग मागं हे अठराशे तेरा कसलं?"

"पलटणीचो नंबर," मामंजी म्हणाले. ते शेवटपर्यंत गावचंच बोलत.

"आणि हा डब्ल्यू?"

"वॉर."

"मागची दोन अक्षरं?"

"मोठ्या सायबाची सही ती. आता नारळ फोडतंस काय माजी साक्ष काढतंस?"

मी नारळ फोडला. मला शंका आली होती असं म्हणून आता शहाणी होत नाही. उलट मला ते सगळं पटलं होतं. धडधाकट माणसाचा पाय घ्यायचा आणि त्याला लोखंडाचा तुकडा द्यायचा, हे सरकारचं काम वाटलं. सोन्याचं असतं तर मी शंका घेतली असती.

पुढं सासूबाई गेल्या आणि घरात धाकट्या नणंदेच्या लग्नाचा घोर उरला. ती बावीस-तेवीसची झाली होती. रंगानं सावळी आणि तोंडानं फटकळ. बघायला येणारे रंगाचं नाव सांगून जात, पण खरं कारण तोंड असे. गावाकडचा एक बिजवर, दोन पोरांचा बाप, तिच्यासाठी टपून बसला होता. हे वर्ष असंच गेलं तर तिकडं द्यायची, असं मामंजी आणि माझा नवरा यांचं ठरून गेलं होतं. मुलीला अर्थातच विचारलं नव्हतं.

"त्याच्याकडं जाण्यापेक्षा मी गिरणीत बदली कामगार म्हणून जाईन," ती मला म्हणाली.

"गिरणीत तुझा भाऊ जातोय, त्याचं काय झालंय ते बघतेस ना?"

"बघतेय. निदान त्याला दुसऱ्याची पोरं धुवावी लागत नाहीत."

अशात फणसवाडीचं स्थळ आलं. मुलगा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. वडील नव्हते. घरात आई आणि निवृत्त झालेले, लग्न न केलेले काका. मूळ आमच्याच बाजूचे लोक, पण दोन पिढ्या गिरगावात राहून त्यांचं बोलणं इस्त्रीचं झालं होतं. आमच्या खोलीत आल्यावर त्या बाईंनी आधी भिंती बघितल्या, मग मुलगी. दोन्हींचा रंग त्यांना आवडला नाही हे मला कळलं. तेवढ्यात मामंजींनी डबी उघडून पुढं सरकवली, सुपारी द्यावी तशी.

बाई एकदम सावरून बसल्या. "हे तुम्हाला मिळालं?"

"लढाईत," मामंजी म्हणाले. हे खोटं नव्हतंच.

जाताना त्या म्हणाल्या, "मुलगी सावळी आहे, पण घराणं पराक्रमी आहे." दोन दिवसांत होकार आला. पुढं कळलं, फणसवाडीत त्यांनी घरोघरी सांगितलं होतं की आमचे होणारे व्याही पदकवाले सुभेदार आहेत. मुलीबद्दल काय सांगितलं ते कळलं नाही. बहुतेक काहीच नाही.

खरा घोटाळा झाला तो लग्नपत्रिकेवरून. बाईंना पत्रिकेत मामंजींच्या नावामागं 'शौर्यपदक-विजेते' असं छापून हवं होतं. इतरांच्या पत्रिकेत रावसाहेब असतात, वकील असतात, आपल्याही पत्रिकेत काहीतरी असू द्या. मजकूर लिहायचं काम काकांचं. आणि काका अशा जातीचे की मजकुरात चूक राहिली तर त्यांना जेवण जात नसे. कोणतं पदक, कोणत्या लढाईचं, कोणाच्या हस्ते, हे सगळं बिनचूक झाल्याशिवाय ते छापखान्याची पायरी चढणार नव्हते. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या बापाचं नाव चुकलं होतं, तरी माझं लग्न झालं. पण आमच्याकडं काका नव्हते.

काका रविवारचे येऊ लागले. पदकावर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासत, की खालची नक्षी कागदावर उठे. पट्टीनं लांबी-रुंदी घेत. मामंजींना प्रश्न विचारत. मामंजींना आठवणी भरपूर होत्या, फक्त दर रविवारी वेगळ्या. एकदा नदीच्या काठावर रात्रभर एकट्यानं तोफ सांभाळली. पुढच्या वेळी तोफ गेली आणि खंदक आला. त्याच्या पुढच्या वेळी काकांनी विचारलं, "पदक देताना साहेब काय म्हणाले?"

"माका शुद्ध नव्हती," मामंजी म्हणाले. तेवढं एक उत्तर पुढं बदललं नाही.

मग काका जाणकारांकडं गेले. मुंबईत जाणकारांना तोटा नाही. चोरबाजारातल्या जुन्या सामानवाल्यानं कागद बघून छातीठोकपणे सांगितलं की हा रशियाचा माल. माझगावातल्या एका पाद्रीबुवांना वाटलं, हे फ्रेंच आहे आणि देवळातलं आहे. दादरला एक निवृत्त फौजी होते, त्यांनी चष्मा न लावताच तुर्की ठरवलं. तिघांनाही तिळभर शंका नव्हती. काका प्रत्येकाचं म्हणणं माझ्यापुढं येऊन मांडत, कारण चहा मी देत होते आणि चहा होईपर्यंत मला ऐकावंच लागे.

"सूनबाई, रशिया असू शकत नाही. का, सांगा बरं?"

"मला कांदा चिरायचाय, काका."

"अक्षरं रशियन नाहीत. इतकं सरळ आहे."

इतकं सरळ होतं तर चोरबाजारापर्यंत चप्पल कशाला झिजवली, हे मी विचारलं नाही. शेवटी ते फोर्टातल्या एका मोठ्या वाचनालयात जाऊन बसू लागले. जुनी इंग्रजी पुस्तकं काढायला लावायचे. त्यानंतर मात्र त्यांचं येणंच थांबलं.

ते परत आले ते साखरपुड्याच्या आठवड्यात. आत आले नाहीत. गॅलरीत मला बाजूला घेतलं.

"सूनबाई, सुभेदारांकडं आणखी एखादं पदक होतं का? गोल, चांदीचं, रुपयापेक्षा मोठं, वर राजाचं तोंड असलेलं?"

"होतं," मी म्हटलं. "सासूबाई सांगायच्या. नुसत्या रुपयासारखं दिसतं, ठेवून काय करायचं, म्हणून त्यांनी ते सोनाराकडं वितळवलं. नणंदेच्या बारशाला वाळे केले."

काका गॅलरीच्या कठड्याला टेकले. "अहो, सरकारनं दिलेलं पदक ते होतं."

"मग हे?"

"हे जर्मनांचं. शत्रूचं. डब्ल्यू म्हणजे त्यांच्या बादशहाच्या नावाचं अक्षर. मागची अक्षरं त्याच्या पूर्वजाची, ज्यानं हे पदक पहिल्यांदा काढलं, अठराशे तेरात."

मी आत बघितलं. नणंद साखरपुड्याचा ब्लाऊज शिवत बसली होती. गुणगुणत होती. ती कधी गुणगुणायची नाही.

"काका," मी म्हटलं, "हे साखरपुड्यात सांगू नका. हे मोडलं तर तिला त्या गावच्या बिजवराला देतील, मी तुम्हाला सांगितलंय."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं कोण बोला म्हणतंय? गप्प बसा म्हणते. पत्रिकेतून ते शब्द काढा आणि गप्प बसा."

"कोणी विचारलं नाही तर बसेन," ते म्हणाले. प्रामाणिक माणसं अशी असतात. तुमच्या गळ्याशी सुरी धरतात आणि म्हणतात, तुम्ही हलला नाहीत तर लागणार नाही.

आता त्या दिवसाकडं येते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत ठरलं होतं आणि गिरणगावात रोज दगड, अश्रुधूर आणि गोळ्या चालू होत्या. माझा नवरा सत्याग्रह करून तुरुंगात बसला होता. संयुक्त महाराष्ट्र तो तिकडं बसून आणणार होता, इकडं रॉकेल मी आणत होते. मुलांना मी गावी पाठवलं होतं. मला वाटलं, आता साखरपुडा पुढं जाईल. पण फणसवाडीच्या बाई मुहूर्ताच्या पक्क्या. ट्राम बंद, टॅक्सी मिळेना, तर गल्ल्या-बोळांतून चालत तिघं आले. गिरगावातही तेच चाललं होतं, त्यामुळं घरी बसून तरी काय वेगळं, असं त्यांचं म्हणणं. मुलाच्या हातात साडीची पिशवी, काकांच्या हातात कागद, बाईंच्या हातात चपला, कारण एक तुटली होती.

मामंजी जुना फौजी कोट घालून बसले होते. क्रूस पाटावर नारळाशेजारी. कुंकू लावलेला.

कार्यक्रम अर्धा झाला. नणंदेला साडी दिली, ओटी भरली. रस्त्यावर आरडाओरडा वाढत होता. गॅलरीतली शेजारीण दार लावून बसली. मग बाई म्हणाल्या, "भावजी, पत्रिकेचा मजकूर वाचा. छापखाना उघडला की लगेच द्यायचाय."

काकांनी वाचला. मामंजींचं नाव आलं आणि गेलं.

"शौर्यपदक-विजेते राहिलं," बाई म्हणाल्या.

"राहू द्या, वहिनी."

"राहू द्या काय? त्यासाठीच तर एवढे दिवस तुम्ही हिंडत होतात."

"ते घालता येणार नाही."

"का?"

विचारलं त्यांनी. आता काकांना कोण थांबवणार? मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी कागदाकडं बघितलं. मग सांगून टाकलं, जर्मन, शत्रू, सगळं. आणि सांगितल्यावर वाईट वाटलं म्हणून की काय, त्या पदकाची तारीफ करायला लागले. फार मानाचं आहे हो ते. राजानं स्वतः चित्र काढलं आणि मग घरं बांधणाऱ्या कारागिराकडून ते नीट करून घेतलं. काळ्या क्रुसाचा आकार तिकडच्या जुन्या धर्मयोद्ध्यांचा. राजाची राणी मेली होती, तिच्या वाढदिवसाची तारीख धरून हे पदक काढलं आणि पहिलं तिलाच दिलं. बाई मेल्यावर तिचा मान करायची पद्धत तिकडंही आहे, हे ऐकून मला बरं वाटलं.

पण बाई ऐकत नव्हत्या. "म्हणजे चोरीचं," त्या म्हणाल्या. "मी अख्ख्या वाडीत सांगून बसले. ऊठ रे," हे मुलाला, आणि धड होती ती चप्पल पायात घातली. मुलगा अर्धा उठला. आईनं ऊठ म्हटलं की उठायचं, एवढंच त्याला येत होतं. पण त्यानं माझ्या नणंदेकडं बघितलं आणि तो अर्धाच राहिला, ओणवा.

नणंद म्हणाली, "जायचं तर जा. पण खाली गोळीबार चाललाय. मेलात तर म्हणाल, मुलीचा पायगुण."

आणि काका बोलतच होते. पैसे नव्हते त्या राजाकडं, म्हणून लोखंड. बायकांनी सोनं दिलं.

मामंजी उठले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी पाटावरचा क्रूस उचलला, कुंकवासकट. लंगडत गॅलरीत गेले आणि सगळ्या ताकदीनं तो खाली भिरकावला. तिसऱ्या माळ्यावरून लोखंड पडलं, तेही बरोबर पोलिसांच्या गाडीजवळ. खाली कोणीतरी किंचाळलं. मामंजी आत वळले आणि गोळी आली.

एवढी वर्षं ज्या शौर्याच्या गोष्टी ते सांगत होते त्यांतलं पहिलं खरं काम त्यांनी त्या दिवशी केलं, आणि तेही शत्रूच्या पदकानं.

जिन्यात बुटांचे आवाज आले. दारं ठोकत ठोकत पोलीस वर येत होते. त्या दिवसांत ज्या खोलीतून काही फेकलं जाई त्या खोलीतला माणूस पोलीस खाली नेत, आणि जिन्यात त्याचं काय करत ते चाळीनं पाहिलं होतं. तरणी माणसं त्यातून कशीबशी उठत. मामंजी साठी ओलांडलेले, एका पायानं अधू. ते भिंतीला टेकून बसले होते. नणंद त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली, हातात साखरपुड्याची साडी तशीच.

हवालदार दारात आला. मागं दोन शिपाई, एकानं आपला खांदा दाबून धरलेला. हवालदाराच्या हातात आमचा क्रूस.

"हे कोणी फेकलं?"

मग आमचे काका घसा खाकरून म्हणाले, "हवालदारसाहेब, ते मुळात अठराशे तेरा साली..."

"भावजी, गप्प बसा," बाई म्हणाल्या.

त्या जमिनीवरून उठल्या. केसांत चौकटीचा भुसा, पायात एकच चप्पल. पण आवाज असा की वाडीत भाडेकरूंना दम देत असाव्यात.

"फेकलं कोणी नाही. साखरपुडा चाललाय, डोळे आहेत ना तुम्हाला? पदक हातात घेऊन आमचे व्याही गॅलरीत उजेडात बघत होते. तुमची गोळी आली, म्हातारा माणूस दचकला, हातातलं खाली गेलं. चौकट बघा. एक वीत इकडं असती तर माझा मुलगा गेला असता. तुमचा साहेब कुठंय? मला त्याच्याशी बोलायचंय."

हवालदारानं चौकट बघितली. मामंजींचा कोट बघितला. "फौजी का?"

"सुभेदार," बाई म्हणाल्या. "सरकारच्या लढाईत पाय दिलाय त्यांनी. माझे व्याही आहेत."

हवालदारही आमच्यातलाच, मराठी. त्याला ते सगळं पटलं असं नाही. तो काकांकडं वळला. काका चष्मा, कोट, टोपी असे. खोटं बोलणार नाहीत हे कोणालाही कळावं.

"तुम्ही सांगा. हे खरं का?"

खोलीतला प्रत्येक माणूस काकांकडं बघत होता. माझ्या मनात आलं, ह्या माणसाला आता बोळा कोंबावा. काका क्रुसाकडं बघत होते.

"पदक अस्सल आहे," काका म्हणाले. "ते मी स्वतः तपासलंय. त्याची मी खात्री देतो."

खोटं काहीच नव्हतं त्यात. हवालदारानं मान हलवली. पुरावा म्हणून क्रूस खिशात टाकला. त्याचा शिपाई दाराशी खांदा चोळत उभा होता. नणंदेनं त्या तिघांच्या हातावर एकेक पेढा ठेवला, ढलपी काढून. त्यांनी खाल्ला. बाकी चाळीत मग ते कुठं कुठं गेले आणि कोणाला नेलं ते मी इथं लिहीत नाही. ते लिहायला माझं शिक्षण पुरत नाही.

पोलीस गेल्यावर मी दार लावलं. मग मामंजी म्हणाले, "तुर्कांच्या बाजूच्या एका मेल्या गोऱ्याच्या कोटातली डबी होती. माका वाटला, आत ओढूक विडये आसतले."

"मेलेल्याचं घेतलंत?" बाई म्हणाल्या.

"तेका विडये कित्याक व्हये?" मामंजी म्हणाले. "घराक इलंय, तर सगळे इचारूक लागले, लढाईतसून काय हाडलंस. पाय दाखवलंय, तर कोणाक आवडलो नाय. ह्यां दाखवलंय, तर आवडलां."

बाईंनी पायातली चप्पल काढली आणि नीट मांडी घालून बसल्या. मुलाला म्हणाल्या, "बस खाली. असा ओणवा काय?"

"म्हणजे?" नणंद म्हणाली. "जमलं की मोडलं? मला कोणी सांगेल का?"

"पोलिसांसमोर व्याही म्हणून बसले मी," बाई म्हणाल्या. "आता मागं घेऊ? उद्या तोच हवालदार वाडीत दिसला तर? पेढे काढ."

मुलगा बसला. त्या सगळ्या दुपारभरात तो एकच वाक्य बोलला. नणंदेला म्हणाला, "तुम्ही आईला ओढलंत ते बरं केलंत." तिनं त्याच्याकडं जरा बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आधीच खाली होतात, म्हणून मला करावं लागलं." मला वाटलं, मोडलं आता. पण तो हसला. असे नवरे थोडे असतात.

रस्ता मोकळा होईपर्यंत ते तिघं आमच्याकडंच राहिले, जेवले, भिंतींना नावं ठेवायला विसरले. काकांनी पुढचं अठराशे तेरा सांगून संपवलं, कारण ते अर्धं राहिलं तर त्यांना झोप आली नसती. ते पदक त्या एका लढाईपुरतंच होतं म्हणे. मग पुढच्या लढाईला परत काढलं, मग चौदा सालच्या लढाईला परत, आणि त्या वेळी ते इतकं वाटत सुटले की लाखो लोकांकडं होतं. हिटलरनंही परत काढलं. लढाई संपली की पदक संपायचं, अशी कल्पना होती, पण लढाया संपेनात. त्या बायका सोनं देऊन लोखंड घ्यायच्या आणि मिरवायच्या. आमच्या सासूबाईंनी राजाचं तोंड देऊन पोरीला वाळे घेतले आणि शत्रूचं लोखंड देवापुढं ठेवलं. दोघींत शहाणी कोण, हे काकांना मी विचारलं. ते म्हणाले, बघून सांगतो. शेवटपर्यंत त्यांनी सांगितलं नाही.

पत्रिकेत 'सुभेदार' छापायचं असा बाईंचा हट्ट होता. काका म्हणाले, ते शिपाई होते. शेवटी 'माजी सैनिक' छापलं. ते खरं होतं आणि कमीही नव्हतं. पदक पोलिसांकडून परत आलं नाही. त्या हवालदाराच्या घरी ते दसऱ्याला पाटावर येत असेल, आणि त्यानं ते कुठल्या लढाईत मिळवलं हे त्याच्या सुनेला तो सांगत असेल.

वाळे नणंद सासरी घेऊन गेली.

त्या दिवशी आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो: मामंजी, नणंद, नवरामुलगा, त्याची आई, काका आणि मी. सहाही वाचलो. खाली रस्त्यावर होते ते सगळे वाचले नाहीत. सहांपैकी आज मी आहे आणि नणंद आहे.